कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी? त्या 'सुवर्ण नियमां'ना माझं उत्तर

परवा रात्री मावशीचा फोन आला. आवाज एकदम पडलेला. "अगं, माझ्या मेलवरून सगळ्यांना भलत्याच लिंका जातायत. पण मी कुलूप बघूनच पासवर्ड टाकला होता गं, त्या मेसेजमध्ये सांगितलं होतं तसंच." कुठला मेसेज म्हणून विचारलं तर तिने तो पाठवला, आणि वाचताना लक्षात आलं की हाच मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार ग्रुपवर आलाय आणि चारही वेळा मी तो न वाचताच सोडून दिला होता. नेटवर्कचं काम करते मी, दिवसभर हेच करते. तेव्हाच दोन ओळींचं उत्तर टाकलं असतं तर कदाचित हे झालं नसतं, याचं वाईट वाटतंय म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मेसेजचं नाव 'सायबर तज्ज्ञांचे ७ सुवर्ण नियम'. हे तज्ज्ञ कोण ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: एक, अ‍ॅड्रेस बारमध्ये कुलूप दिसलं की साइट तपासलेली आणि खरी, बिनधास्त माहिती भरा. दोन, २५६ बिटचं एन्क्रिप्शन (म्हणजे २५६ शून्य-एकांच्या गुप्त किल्लीने मजकूर न वाचता येणारा करणं) क्वांटम कॉम्प्युटरने (नव्या धर्तीच्या, अजून प्रयोगातल्या यंत्राने) २ मिनिटांत फोडलंय. तीन, ज्या एन्क्रिप्शनची पद्धत जगजाहीर आहे ते फुटणारच, म्हणून गुप्त पद्धत वापरणारं अ‍ॅप घ्या, नाहीतर घरच्या घरी सांकेतिक लिपी बनवा, प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवून लिहा. चार, पासवर्ड दर महिन्याला बदला. पाच, सार्वजनिक वायफायला नुसतं जोडलं तरी पासवर्ड चोरीला जातात. सहा, इनकॉग्निटोमध्ये तुम्ही काय बघता ते कोणालाच दिसत नाही. सात, चॅट एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे पासवर्ड आणि ओटीपी चॅटवर पाठवायला हरकत नाही.

दुसरा नियम म्हणतो सगळं एन्क्रिप्शन फुटलंय, सातवा म्हणतो एन्क्रिप्शन आहे म्हणून पासवर्ड पाठवा. एकाच मेसेजमध्ये. पुढे ढकलणाऱ्या एकानेही हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले नाहीत का?

असो. पहिल्या नियमापासून सुरू करते कारण मावशी त्यातच अडकली, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतोय.

कुलूप म्हणजे काय तर तुमच्या ब्राउझरपासून समोरच्या सर्व्हरपर्यंतचा (साइट चालवणाऱ्या यंत्रापर्यंतचा) रस्ता बंद आहे. मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही, मधे कोणी त्यात फेरफार केला तर लगेच पकडला जातो, आणि समोरचा सर्व्हर अ‍ॅड्रेस बारमध्ये जे नाव लिहिलंय त्याच नावाचा आहे. एवढंच. त्या नावामागे कोण बसलंय याबद्दल कुलूप काहीही सांगत नाही. चोराने स्वतःच्या नावाने साइट काढली तर त्या साइटपर्यंतचा रस्ताही तितकाच पक्का बंद असतो. मावशीचा पासवर्ड वाटेत कोणालाही दिसला नाही, नीट एन्क्रिप्ट होऊन गेला, आणि जिथे जायला नको होता तिथेच जाऊन उलगडला.

"पण सर्टिफिकेट असतं ना, ते कोणीतरी तपासूनच देत असेल?" हा मावशीचा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. तपासतात, पण काय तपासतात ते बघा. सर्टिफिकेट म्हणजे साइटच्या नावाचा ब्राउझरला दाखवायचा दाखला, आणि ते देणारी संस्था एवढंच बघते की मागणाऱ्याचा त्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, ताबा आहे का. ती सांगते, ही अमुक फाइल तुझ्या साइटवर ठेव किंवा डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदीत) ही ओळ घाल. तुम्ही घातलीत, तिने वाचली, झालं, सर्टिफिकेट हातात. सगळं यंत्र यंत्राशी बोलतं, माणूस मधे येतच नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून अशी सर्टिफिकेटं फुकट देते, आणि ते फार चांगलं झालं, कारण त्याआधी असंख्य छोट्या साइट उघड्यावरच चालायच्या. पण फुकट आणि आपोआप मिळणारी गोष्ट चोरालाही फुकट आणि आपोआपच मिळते. काही सर्टिफिकेटांमध्ये संस्थेचं नाव-गाव तपासून घालतात हे खरंय, पण क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये ते नाव अ‍ॅड्रेस बारमधून काढून टाकलं, कारण लोक त्याकडे बघतच नव्हते.

मावशीने ज्या पानावर पासवर्ड टाकला ते पान मी एका वेगळ्या, रिकाम्या मशीनवर उघडलं. दिसायला हुबेहूब, रंग तेच, लोगो तोच, खाली 'पासवर्ड विसरलात?' पण तेच. कुलूप आहे. कुलपावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडलं तर तीन दिवसांपूर्वी दिलेलं, मुदत ९० दिवस, 'कोणाला दिलं' याच्या खाली नुसतं डोमेनचं नाव आणि संस्थेच्या रकान्यात काहीच नाही. सर्टिफिकेट खोटं नव्हतं, अगदी खरं होतं. त्याने एवढंच सांगितलं होतं की हे डोमेन हेच डोमेन आहे.

आणि डोमेन कसलं होतं? मेल कंपनीचं नाव त्यात होतं, पण सुरुवातीला. मग डॉट, मग 'लॉगिन', मग डॅश, 'व्हेरिफाय', आणि सगळ्यात शेवटी, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, भलतंच एक नाव. हे वाचायची रीत पत्राच्या पत्त्यासारखी आहे, घर आणि गल्ली आधी, गाव शेवटी. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीची खूण) असतं, त्यानंतरच्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची, तिथून मागे यायचं, शेवटची शेपटी (डॉट कॉम, डॉट इन असली) आणि तिच्या लगेच आधीचं नाव, ते खरं गाव (काही देशांच्या पत्त्यात शेपटी दोन तुकड्यांची असते, तेव्हा त्या दोन्हीच्या आधीचं नाव बघायचं). त्याच्या डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतं, जगातल्या कुठल्याही कंपनीचं नाव लिहू शकतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मोबाइलवर तर पत्ता अर्धा कापलेलाच दिसतो आणि बऱ्याचदा दिसतो तो नेमका डावीकडचा फसवा भाग.

हे माझं एकटीचं मत नाही. गूगलच्या क्रोम टीमने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की आम्ही कुलूप काढतोय. कारण काय दिलं? त्यांच्या २०२१ च्या अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला, आणि जवळपास सगळ्या फिशिंग साइट (पासवर्ड काढून घेणाऱ्या नकली साइट) आता एचटीटीपीएसच वापरतात, म्हणजे कुलूप त्यांच्याकडेही असतंच. सप्टेंबर २०२३ च्या क्रोम ११७ पासून कुलूप गेलं आणि तिथे सेटिंगसारखं साधं चिन्ह आलं. अमेरिकेच्या एफबीआयने तर जून २०१९ मध्येच इशारा दिला होता की नुसतं कुलूप बघून विश्वास टाकू नका. ज्यांनी ब्राउझर बनवला तेच म्हणतायत की लोक या चिन्हाचा चुकीचा अर्थ घेतात म्हणून आम्ही ते काढतोय, आणि आपल्याकडे 'तज्ज्ञ' तोच चुकीचा अर्थ नियम म्हणून वाटतायत. मावशीच्या ब्राउझरमध्ये कुलूप अजून दिसतं, बऱ्याच ब्राउझरमध्ये दिसतं, म्हणून हे लिहावं लागतंय.

उलट बाजू मात्र खरी आहे, ती मान्य करते. पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं लिहून येत असेल, तर तिथे पासवर्ड अजिबात टाकू नका. ती चेतावणी हे थांबायला पुरेसं कारण आहे, पण कुलूप असणं हे पुढे जायला पुरेसं कारण नाही. आणि सर्टिफिकेट देणाराच लुटला गेला असंही झालंय, २०११ मध्ये डिजिनोटार या डच कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट काढलं गेलं, ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, आणि हे उघड झाल्यावर महिन्याभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. त्यानंतर सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदवह्या सुरू झाल्या, पण तो वेगळा विषय आहे.

आता तिसरा नियम आधी घेते, कारण तो वाचून खरोखर डोकं धरलं. पद्धत जगजाहीर आहे म्हणून फुटणार. नेमकं उलट आहे, आणि हे १८८३ पासून माहीत आहे. ऑगस्त केर्कहॉफ्स नावाच्या, पॅरिसला शिकवणाऱ्या भाषातज्ज्ञाने त्या वर्षी लष्करी गुप्तलेखनावर लिहिलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कारण साधं आहे. पद्धत हजारो-लाखो लोक वापरतात, ती यंत्रात, चिपमध्ये, अ‍ॅपमध्ये बसलेली असते, ती आज ना उद्या कोणीतरी उघडून बघणारच, आणि बघितली की ती सगळीकडे एका रात्रीत बदलता येत नाही. किल्ली एका मिनिटात बदलता येते. जे पटकन बदलता येतं त्याच्यावरच गुपित ठेवायचं.

गुप्त पद्धतींचं पुढे काय होतं त्याचं उदाहरण घ्या. मायफेअर क्लासिक नावाची चिप, बस-रेल्वेच्या कार्डांत आणि ऑफिसच्या दरवाज्यांच्या कार्डांत जगभर वापरली गेली. तिचं एन्क्रिप्शन वर्षानुवर्षं गुप्त ठेवलेलं होतं. संशोधकांनी चिप घासून थर काढले, मायक्रोस्कोपखाली फोटो घेतले, आणि पद्धत बाहेर आली. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या लोकांनी ती किती कच्ची आहे ते दाखवलं, किल्ली जेमतेम ४८ बिटची आणि तिचा वापरही गचाळ. कंपनी कोर्टात गेली, हे छापू नका म्हणून, कोर्टाने ऐकलं नाही. इतकी वर्षं कोणी तपासलं नव्हतं म्हणूनच ती पक्की वाटत होती.

आणि ती घरची सांकेतिक लिपी? करून दाखवते. क पासून ळ पर्यंत व्यंजनं ओळीने मांडा, ३४ होतात. प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे, ळ नंतर परत क. 'मला भेट, काम आहे' याचं होतं 'लषा रेढ, घाल आखे'. बघायला एकदम गूढ. पण मराठीत पानभर मजकूर लिहिलात तर अर्ध्याअधिक वाक्यांच्या शेवटी 'आखे' येणार, आणि मराठी येणाऱ्या कोणालाही दोन मिनिटांत कळणार की हे 'आहे' आहे. मग ख म्हणजे ह, ह पासून ख तीन घरांवर, संपलं, सगळं पान उघडं. नाहीच सुचलं तरी सरकवण्याचे प्रकारच ३३ आहेत, एकेक करून बघायला वेळ तो किती.

"मग सरकवायचं नाही, अक्षरं कशीही उलटीसुलटी लावायची," असं एकाने ग्रुपवर सुचवलंच. तेही करून बघू. ३४ व्यंजनं आपापसात कशीही बदलायची तर २९ वर ३७ शून्यं इतके प्रकार होतात, एकेक करून बघणं कोणालाच शक्य नाही. तरीही ते एका दुपारात फुटतं. कारण अक्षराचा फक्त मुखवटा बदलतो, सवयी तशाच राहतात. शब्दांच्या शेवटी चा-ची-चे, ला, ने, त लागायचे ते लागतातच, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते लपत नाही, जोडाक्षरं आपल्या ठरलेल्या जागी बसतात. अल-किंदी नावाच्या विद्वानाने नवव्या शतकात बगदादमध्ये हे लिहून ठेवलंय, अक्षरं मोजा आणि भाषा स्वतःच बोलायला लागेल. बाराशे वर्षांपूर्वी तोडगा निघालेली गोष्ट आज सुवर्ण नियम म्हणून फिरतेय, आणि तिच्यावर भरवसा ठेवून एखादा माणूस वहीत पासवर्ड लिहून ठेवेल.

आता तो ३७ शून्यांचा आकडा लक्षात ठेवा, दुसऱ्या नियमात कामाला येतो. एईएस हे आज जवळपास सगळीकडे वापरलं जाणारं एन्क्रिप्शन, त्याच्या १२८ बिटच्या प्रकारात किल्ल्या किती? ३४ वर ३७ शून्यं. म्हणजे आपल्या उलटसुलट लिपीइतक्याच, थोड्याशा जास्त. मग ती एका दुपारात फुटते आणि हे का फुटत नाही? कारण एईएसमधून बाहेर पडलेल्या मजकुरात भाषेचा मागमूस राहत नाही, मोजायला काही हाताला लागतच नाही, त्यामुळे हल्लेखोराला खरोखरच किल्ल्या एकेक करून लावत बसावं लागतं. आणि हे आपल्याला कसं माहीत? पद्धत जाहीर आहे म्हणूनच. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १९९७ मध्ये खुली स्पर्धा लावली, १५ प्रस्ताव आले, जगभरच्या लोकांनी एकमेकांचे प्रस्ताव फोडायचा जाहीर प्रयत्न केला, आणि ऑक्टोबर २००० मध्ये बेल्जियमच्या दोघांनी बनवलेला राइनडाल निवडला गेला. त्यानंतर आजपर्यंत जगातली तल्लख डोकी त्याच्यावर तुटून पडलीयत. २०११ मध्ये एक हल्ला सापडला, त्याने पूर्ण एईएसचं काम जेमतेम चारेकपट सोपं झालं. त्या मोठ्या आकड्यापुढे चारपट म्हणजे काहीच नाही.

किती मोठा आकडा, तर हिशोब करा. एका मशीनने सेकंदाला १ लाख कोटी किल्ल्या तपासल्या, आणि अशी १०० कोटी मशीनं एकदम लावली, तरी १२८ बिटच्या सगळ्या किल्ल्या संपायला साधारण १,०८० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं आहे. आणि मेसेज म्हणतो २५६ बिट, २ मिनिटांत.

ही क्वांटमची बातमी कुठून आली असेल ते मला माहितीय. २०२४ मध्ये शांघाय विद्यापीठातल्या संशोधकांनी डी-वेव्हच्या क्वांटम यंत्रावर २२ बिटच्या एका संख्येचे अवयव पाडले (आरएसए नावाचं एन्क्रिप्शन मोठ्या संख्येचे अवयव काढणं अवघड असण्यावरच टिकून आहे) आणि लगेच 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फुटलं' असे मथळे आले. २२ बिटची संख्या म्हणजे फार फार तर ७ अंकी, ४२ लाखांच्या आत. तिचे अवयव काढायला २०४८ च्या आतल्या ३०९ मूळसंख्यांनी भागून बघायचं, शाळेतल्या पोराला कागद-पेन्सिल आणि एक सुट्टीचा दिवस द्या, तोही काढेल. प्रत्यक्षात आरएसए वापरतात ते किमान २०४८ बिटचं, म्हणजे ६१७ अंकी संख्या. साध्या कॉम्प्युटरांनी आजवर जाहीरपणे फोडलेली मोठी आरएसए संख्या २५० अंकी आहे, २०२० मध्ये, आणि तिला एका प्रोसेसर कोरच्या हिशोबाने २,७०० वर्षांचं काम लागलं. शिवाय ते सगळं आरएसएबद्दल, आणि मेसेजमधलं २५६ बिट म्हणजे एईएस. दोन वेगळ्या गोष्टी, मेसेजने त्या एकातच कालवल्यात.

यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. पीटर शोरने १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा आणि बिनचूक क्वांटम कॉम्प्युटर आला तर आरएसएसारख्या पद्धती पडतील. म्हणूनच निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही टिकतील अशा पद्धतींची पहिली ३ मानकं जाहीर केली आणि बदल सुरूही झालाय. आज मजकूर साठवून ठेवायचा आणि पुढे यंत्र आलं की उघडायचा, ही धास्ती खरी आहे. पण ते काम एन्क्रिप्शन बसवणाऱ्यांचं आहे. मावशीने त्यासाठी करायचं ते एवढंच, फोन आणि ब्राउझर अपडेट ठेवायचा.

चौथा नियम, पासवर्ड दर महिन्याला बदला. हा ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि कितीतरी ऑफिसांत अजून चालतो. पण निस्टने २०१७ च्या मार्गदर्शनातच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा काही पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. का, तर सक्ती केली की माणूस शेवटी १ लावतो, पुढच्या महिन्यात २. २००९ मध्ये रॉकयू या साइटवरून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, साध्या मजकुरात ठेवलेले, हॅश (उलटा वाचता येणार नाही असा बदललेला मजकूर) वगैरे काही नाही, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. माणसाच्या डोक्यातून काय निघतं ते तिथे दिसलं. लांब पासवर्ड घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा घ्या, पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड लक्षात ठेवून भरून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये) ठेवा, आणि फुटला असं कळलं तर त्याच क्षणी बदला, महिना संपायची वाट बघू नका.

आणि नुसता बदलूनही भागत नाही. मावशीने घाबरून त्याच रात्री पासवर्ड बदलला होता. मी मेलच्या सेटिंगमध्ये गेले तर तिथे फॉरवर्डिंगचा एक नियम बसवलेला, ज्या मेलमध्ये 'पासवर्ड' शब्द असेल त्याची एक प्रत एका अनोळखी पत्त्यावर. म्हणजे पासवर्ड बदलल्याची मेलसुद्धा तिकडे गेलेली. शिवाय चोर आधीच आत शिरून बसला होता, त्याचं लॉगिन चालूच होतं. तो नियम काढला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं, रिकव्हरीचा नंबर आणि पत्ता तपासला, मग परत पासवर्ड बदलला. असं कोणाचं झालं तर याच क्रमाने करा.

पाचवा, वायफाय. हो, हा एकेकाळी खरा होता, मान्य. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं, उघड्या वायफायवर शेजारच्याचं अकाउंट दोन क्लिकमध्ये उघडायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनच्या पानापुरतं एन्क्रिप्शन लावायच्या आणि पुढचं सगळं उघडं पाठवायच्या. त्यानंतर सगळीकडे एचटीटीपीएस आलं. आज उघड्या वायफायवर बसलेल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळतं, आत काय टाइप केलंत ते नाही. 'नुसतं जोडलं तरी' पासवर्ड जात नाहीत. फक्त सर्टिफिकेटची चेतावणी आली आणि तुम्ही 'तरीही पुढे जा' दाबलंत, तर मग कोणीच वाचवू शकत नाही, तेवढं बटण कधीही दाबू नका.

सहावा दोन ओळींत. इनकॉग्निटो तुमच्या स्वतःच्या मशीनवर इतिहास ठेवत नाही, बास. इंटरनेट देणाऱ्याला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि त्या साइटला तुम्ही दिसता.

सातवा परत गंभीर आहे, आणि चूक तीच आहे जी पहिल्यात होती. एन्ड टू एन्ड एन्क्रिप्शन म्हणजे या फोनपासून त्या फोनपर्यंत मधे कोणी वाचू शकत नाही, चॅट चालवणारी कंपनीसुद्धा नाही. पण त्या टोकाला कोण आहे? मुलाचा फोटो लावून दुसऱ्याच नंबरवरून कोणी बोलत असेल तर ओटीपी पूर्णपणे एन्क्रिप्ट होऊन त्याच्याकडेच जाणार. टोक खरं असलं तरी मेसेज तिथे पडून राहतो, बॅकअपमध्ये जातो, फोन उघडा राहिला तर कोणीही बघतो. ओटीपी कोणालाच पाठवायचा नसतो, कुठल्याही चॅटवर, कितीही एन्क्रिप्टेड असलं तरी. सात नियमांतला हा एक तरी ग्रुपवरून आजच्या आज काढा, हात जोडून सांगते.

काल मावशीकडे जाऊन तिच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर लावून दिला. तो डोमेन अक्षरन् अक्षर जुळलं तरच पासवर्ड पुढे करतो, लोगो आणि रंग त्याला दिसतच नाहीत, त्यामुळे ते बघून फसायचा प्रश्नच नाही. जिथे पासकी (पासवर्डऐवजी फोननेच केलेली डिजिटल सही) आहे तिथे पासकी लावली, तिच्यात तर सहीच त्या डोमेनसाठी होते, दुसऱ्या डोमेनला ती चालतच नाही. तरी तिला पटेना. "पण कुलूप असूनसुद्धा खोटी कशी असेल गं?" मग माझं एक पडीक डोमेन होतं, त्याच्या डावीकडे तिच्या मेल कंपनीचं नाव जोडलं, तिच्यासमोर सर्टिफिकेट मागितलं, एक मिनिटही लागलं नाही, आणि दोन रकाने असलेलं साधं पान चढवलं. तिने स्वतःच्या फोनवर उघडलं. कुलूप आलं. तिने पासवर्डच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबली. मॅनेजरने काहीच पुढे केलं नाही, रकाना कोरा. मग तिने खऱ्या साइटवर जाऊन तेच केलं, आणि पासवर्ड लगेच भरला गेला. दोन्हीकडे कुलूप सारखंच होतं. तिने ते दोनदा, तिनदा आलटून पालटून बघितलं, मग चष्मा पुसला आणि म्हणाली, "त्या ग्रुपवर टाक हे. मी टाकलं तर कोणी वाचायचं नाही."